सहा शिमगे हरलेला हैबती

शिमग्याच्या दिवशी वाघजाईची पालखी देवळातून सहाणेवर, पालखी टेकवायच्या दगडी ओट्यावर, येऊन बसते, ढोल थांबतात आणि भिकू गुरव देवीच्या पेटीतला चांदीचा जुना रुपया अंगठ्याच्या नखावर तोलून धरतो. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या त्या गावात वर्षभरातला सर्वांत मोठा क्षण हाच. गावाच्या वाड्या दोन, वरची आणि खालची. पालखी आधी कोणत्या वाडीत जायची, याचा निवाडा रुपयाने व्हायचा. रुपया हवेत असतानाच वरच्या वाडीच्या माणसाने ओरडून सांगायचे, छापा की काटा. राजाचा मुखवटा वर आला तर छापा, पाठ वर आली तर काटा. हाकेप्रमाणे रुपया पडला तर पालखी वर चढणार. नाही तर खाली उतरणार.

ही हाक देण्याचा मान हैबतीच्या घराण्याचा होता. बाप वारल्यावर तो हैबतीकडे आला आणि आल्या वर्षापासून वरच्या वाडीला पालखीचे पहिले दर्शन पारखे झाले. सहा शिमगे गेले. हैबतीने छापा म्हणावे आणि रुपयाने काटा दाखवावा. त्याने काटा म्हणावे आणि राजाने वर बघत हसावे. पहिल्या दोन वर्षांत लोक हळहळले. तिसऱ्या वर्षी त्यांनी कारण शोधले, आणि समूहाने एकदा कारण शोधायला घेतले की ते नेहमी एखाद्या माणसातच सापडते. हैबतीचे तोंड नासके, असे ठरले. पेरणीला निघालेला माणूस हैबती समोरून येताना दिसला की बांधावर उगाच चंची सोडून बसू लागला. लग्नाची बोलणी करायला जाणाऱ्या मंडळींत त्याला कोणी घेईना. हैबती धिप्पाड, मोठ्या आवाजाचा, उतरणीवर नाचणी आणि खाचरात भात पिकवणारा कष्टाळू शेतकरी. त्याने हे सारे निमूट गिळले, कारण मनातून त्यालाही ते खरे वाटत होते.

मात्र सहाव्या शिमग्यानंतर त्याच्या मनात एक वेगळीच उमेद उगवली. सहा वेळा विरुद्ध पडले; आता सातव्यांदा आपलेच पडणार. वाघजाईच्या दरबारात अन्याय किती वर्षे चालेल? फुलाचा कौल लावतात तेव्हा आई भक्ताचे ऐकते, मागचे पुढचे लक्षात ठेवून फूल उजवे-डावे पाडून होकार-नकार देते. मग तिच्या पेटीतला रुपया तरी वेगळा कसा असेल? हैबतीची चूक नेमकी इथे होती. रुपयाची फेक आणि देवीचा कौल या दोन गोष्टी त्याने, आणि त्याच्याबरोबर साऱ्या गावाने, एकच मानल्या होत्या.

दशमान नाणी बाजारात येऊन वर्ष होत आले होते तेव्हाची गोष्ट. पोलादपूरच्या बाजारात चहाच्या दुकानी हैबतीची गाठ त्याच्या मेव्हण्याशी पडली. मुरारी खालच्या वाडीचा, खाऊन-पिऊन सुखी, जिभेचा तिखट. हैबतीची धाकटी बहीण रखमा त्याला दिलेली. तिला पाच मुली होत्या आणि आता सहाव्यांदा दिवस राहिले होते.

"पाच झाल्या, मेव्हणं," मुरारी बशीतला चहा फुंकत म्हणाला, "आता सहावा पोरगाच. त्यात काय वाद नाय. पन समजा नाय झाला..."

"तर काय, दाजी?"

"तर पाऊस सरला की दुसरी आननार. वरंधला बोलनं लावून ठेवलंय."

हैबतीने बशी खाली ठेवली. दुसरी बायको करायला कायद्याने बंदी होऊन बरीच वर्षे झाली होती. पण कायदा पोलादपूरच्या कचेरीत राहत होता, आणि तिथून गावापर्यंतची चढण त्याने अजून चढली नव्हती. रखमाला मुरारी घरातून काढणार नव्हता. तो तिला गोठ्याच्या बाजूची पडवी देणार होता, आणि त्या पडवीत पाच मुलींसह ती जन्मभर दुसरीच्या हाताखाली राबणार होती.

"दाजी, तिचा काय गुन्हा?" हैबती म्हणाला.

"गुन्हा? तुमच्या घराण्याचाच गुन हाय तो. भावाचं तोंड तसं, बहिनीची कूस तशी." दुकानात हशा पिकला. मुरारीला चेव आला. "येताव ना शिमग्याला? आमी दारात रांगोळ्या काढून ठेवताव. रुपयाला खालच्या वाडीची वाट पाठ झालीय!"

हैबती उठून उभा राहिला. त्याचा आवाज भात भरडण्याच्या गिरणीपर्यंत गेला असेल. "या साली पालखी वर चढनार! सहा येळा हरलोय मी. सातव्यांदा आई मला हरवील व्हय?"

"लावताव पैज?"

"लावतो! हरलो तर माझा चांद्या तुमचा. जिकलो तर तुमी आईच्या पायरीवर हात ठेवून बोलायचं, पोरगा होव का पोरगी, घरात दुसरी आननार नाय."

चांद्या म्हणजे कपाळावर पांढरा टिकला असलेला हैबतीचा खोंड. वासरू असल्यापासून त्याने तो स्वतःच्या घासातला घास देऊन वाढवला होता आणि या पावसात तो पहिल्यांदाच पूर्ण नांगर ओढणार होता. मुरारीने क्षणाचाही विलंब न लावता हातावर हात मारला. दुकानातले सगळे साक्षीला होते. दोघेही आनंदात घरी निघाले, कारण दोघांचीही खात्री पटलेली होती. एकाने सहा फेकांवरून अनुमान काढले की आता आपली वेळ भरली. दुसऱ्याने त्याच सहा फेकांवरून अनुमान काढले की आपली वेळ सरतच नाही. रुपयाला त्या सहा फेकांची वार्ताही नव्हती.

बनुबाईने नवऱ्याचे सगळे ऐकून घेतले आणि चुलीतले लाकूड मागे ओढले.

"म्हंजे रखमाबायचा संसार रुपयावर टाकून आलात."

"टाकून नाय, जिकून आलो! अगो, सहा डाव उलटे पडल्यावर..."

"चौथ्या खेपेला तुमीच तिला सांगाया गेला व्हतात ना, तीन पोरी झाल्या, आता पोरगाच? झाली ना पोरगी? पाचव्याला परत सांगितलात, आता तर नक्कीच. मंग काय झालं?"

"पोरगी," हैबती पुटपुटला.

"मंग तुमच्या नक्कीची चटनी वाटू का?"

हा प्रश्न हैबतीला झोंबला. दुसऱ्या दिवशी चांद्याला चरायला सोडून तो वाडीवरच्या कातळावर बसला आणि चंचीतून राजाच्या मुखवट्याची जुनी पावली काढून उडवू लागला. छापा पडला की पांढरी गारगोटी, काटा पडला की काळा खडा, असे तो ओळीत मांडत गेला. त्याची अपेक्षा साधी होती: एक पांढरा, एक काळा, फार तर दोन पांढरे, दोन काळे, आई न्यायी आहे. पण ओळ भलतीच वागू लागली. तीन काळे, एक पांढरा, मग पांढऱ्यांची रांगच रांग, मग पुन्हा काळ्यांचा पुंजका. आपली उडवायची पद्धत चुकत असेल असे वाटून त्याने हात बदलला. ओळीचा स्वभाव बदलला नाही. उन्हे कलली तेव्हा तो अर्धा कातळ खड्यांनी भरून गेला होता आणि मधोमध काळ्या खड्यांची एक अखंड माळ पडली होती, त्याच्या सहा शिमग्यांहून लांब.

हैबतीने कातळावरून अशी आरोळी दिली की चांद्या कान ताठ करून पाहू लागला.

"बनू! अगो बनू! वर ये!"

साप निघाला असे समजून बनुबाई काठी घेऊन धावत आली. हैबती खड्यांच्या मध्ये लहान मुलासारखा नाचत होता.

"ह्ये बघ! सलग काळं! हिथं कुनी तोंड उघडलं व्हतं? कोन बोललं व्हतं? हिथं कुनाचं तोंड नासकं, सांग!"

बनुबाईने काठी टेकली. तिला आधी राग आला, मग ती वाकून पाहू लागली. "एवढं काळं झाल्यावर म्होरं काय आलं?"

हैबती थबकला. हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता. माळेच्या टोकाला पांढरी गारगोटी होती. "बघ, आली का न्यावाची!" असे म्हणतच तो दुसऱ्या पुंजक्याकडे गेला. तिथे चार काळ्यांनंतर पाचवाही काळाच होता. तिसऱ्या ठिकाणी पांढरा. चौथ्या ठिकाणी काळा. दोघेही गुडघ्यांवर रांगत, एकमेकांना हाका मारत, प्रत्येक पुंजक्यानंतरचा खडा बोटाने दाखवू लागली. कधी हा, कधी तो. मागे किती काळे गेले याची पुढच्या खड्याला काहीच पर्वा नव्हती.

"पावलीला आठवत नाय गो," हैबती हळूच म्हणाला, आणि पुन्हा मोठ्याने म्हणाला, "पावलीला आठवतच नाय!"

माणसाच्या आयुष्यात खऱ्या ज्ञानाचे दिवस फार थोडे येतात, आणि ते नेहमी शाळेतच येतात असे नाही. हैबतीच्या छातीवर सहा वर्षे बसलेला दगड त्या कातळावर गळून पडला. तो शापित नव्हता. त्याच्या तोंडात खोट नव्हती. पुढचे काही दिवस तो वेड लागल्यासारखा पावली उडवत राहिला आणि त्याला आणखी एक सूक्ष्म गोष्ट दिसली. पहिल्या दिवशी काळे खडे बरेच पुढे गेले होते. पांढरे कधीतरी ती तूट भरून काढतील, या आशेने तो मांडत गेला. पण तूट कोणी भरून देत नव्हते. खडे वाढत गेले तशी ती इतक्या खड्यांच्या गर्दीत नजरेला क्षुल्लक वाटू लागली, एवढेच. दोन्ही रंग जवळजवळ सारखे दिसायला सारा कातळ लागला. सहा शिमगे म्हणजे त्यातली वीतभर जागा. वीतभर जागेत काहीही घडू शकते.

मग आनंदाच्या भरातच तो पावली उडवायचा थांबला. पावलीला आठवत नसेल, तर सातवा शिमगा त्याचा कशावरून? तो अर्धा त्याचा होता आणि अर्धा मुरारीचा. नक्की म्हणून बहिणीचा संसार ज्यावर ठेवला ते नुसते अर्धे होते.

पैज मोडता येत नव्हती. भर बाजारात देवीचे नाव घेऊन शब्द दिला होता. पण फेकच झाली नाही तर पैजही आपोआप बारगळेल, असे त्याच्या मनात आले. देवळात दोन्ही वाड्यांची बैठक बसली तेव्हा हैबतीने उभे राहून सांगितले, "पालखी पाळीनं नेऊया. एक साल वर, एक साल खाली. रुपया पेटीत ऱ्हाऊ दे."

त्याला वाटले होते, खालची वाडी विरोध करील. ती करण्याआधीच वरच्या वाडीचा सहदेव ताडकन उठला. "सहा साल हरलाव आमी आन् आता जिकायच्या टायमाला पाळी? हैबतीदादा, तुजी मती फिरली काय?"

"जिकायचा टाइम असा नसतो रे. रुपयाला..."

"बस खाली! नायतर हाक दुसऱ्याला देऊ!"

"आन् आमी तरी का सोडावी?" खालच्या वाडीचा म्हातारा कुशाबा मिशीत हसला. "रुपयाचा हात आमच्या पाठीवर हाय."

एवढ्या वर्षांत दोन वाड्यांचे एका गोष्टीवर एकमत झाले ते असे. न्याय दारात उभा होता आणि हरणारे तो नाकारत होते, कारण नशीब त्यांचे देणे लागते अशी त्यांची श्रद्धा होती; जिंकणारे नाकारत होते, कारण नशीब त्यांच्या घरचे माणूस झाले आहे असा त्यांचा समज होता.

शिमग्याच्या सकाळी सहाण माणसांनी फुलली. मुंबईचे गिरणीकामगार बोटीने, एस.टी.ने, पायी, मिळेल तसे येऊन पोचले होते. सनईने सूर ओढला, ढोल गरजले आणि एकदम थांबले. बायकांच्या रांगेत रखमा पोटाशी हात धरून उभी होती. पैजेची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. हैबतीने तिच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

भिकू गुरवाने अंगठा झटकला. रुपया उन्हात उसळला, फिरला, नुसता चकाकणारा थेंब झाला.

"छापा!" हैबती ओरडला.

रुपया सहाणेच्या दगडावर आपटला, उडाला, कडेवर गिरकी घेत घेत एवढा वेळ फिरला की पुढच्या पोरांनी रोखलेले श्वास सोडले. मग तो पडला. भिकू वाकला.

"काटा!"

खालच्या वाडीचा जो गलका उठला त्याने झाडावरचे पक्षी उडाले. गुलाल उधळला गेला. वरच्या वाडीवर प्रेतकळा आली, आणि तशातही सहदेव दात ओठ खाऊन बोललाच, "सात झालं! आता आठवा तर कुनाचा बाप आडवू शकत नाय!" हैबतीला त्या दुःखातही हसू आले. त्याने देवळामागे बांधलेल्या चांद्याचा कासरा सोडला, त्याच्या कपाळावरच्या टिकल्यावरून एकदा हात फिरवला आणि कासरा मुरारीच्या हातात दिला.

"घ्या दाजी. बैल हरलो. माझं तोंड नासकं नाय, येवढं मातुर जिकून चाललोय."

मुरारीला त्याचा अर्थ कळला नाही. त्याला पालखीला खांदा द्यायचा होता.

त्या गावाची आणखी एक जुनी रीत होती. वाड्यांत रुसवा राहू नये म्हणून जिंकलेल्या वाडीच्या प्रत्येक दारात गाऱ्हाणे घालायचे ते हरलेल्या वाडीच्या हाक देणाऱ्यानेच. देवीला घरादारासाठी एकेक मागणे मोठ्याने घालायचे आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या सगळ्यांनी ढोलाच्या टोल्यावर "व्हय म्हाराजा" म्हणायचे. जे देवीपुढे सर्वांच्या मुखातून गेले ते गावाचे वचन झाले, असे मानत.

मुरारीचे दार आले. पालखीच्या पुढच्या दांड्याखाली मुरारी स्वतः होता, गुलालाने माखलेला, घामाने निथळत. रखमा ओटीचे ताट घेऊन उंबऱ्यात आली, तिच्या मागे पाच मुली उभ्या राहिल्या. अशा बाईसाठी 'पुत्र दे' हे मागणे ठरलेले असते. हैबतीने डोळे मिटले आणि तो सुरू झाला.

"आई वाघजाई, म्हाराजा! ह्या घरातल्या गुराढोरांची राखन कर!"

"व्हय म्हाराजा!" ढोल दणाणला.

"खाचरात भाताचं लोंबर झुकू दे!"

"व्हय म्हाराजा!"

"ही लेक बाळंत व्हनार हाय, तिला सुखरूप सोडव!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरगा दे नायतर पोरगी दे, ते तिच्या हातात नाय! तिला बोल लावनाऱ्याची जीभ आवर!"

"व्हय म्हाराजा!" आवाज चढत होता, गर्दीला ताल सापडला होता आणि ताल सापडल्यावर माणूस शब्द ऐकत नाही.

"ह्या उंबऱ्यात दुसरी आनायची भाषा चाललीय, ती आजच्या आज मोडून टाक! रखमा जिती हाय तवर ह्या घरात दुसरी येनार नाय!"

"व्हय म्हाराजा!"

खालची वाडी ओरडली, वरची वाडी ओरडली, मुंबईवाले ओरडले. आणि पालखी खांद्यावर घेतलेला मुरारीही पोटातून ओरडला, कारण ढोलामागोमाग त्याचा घसा वर्षानुवर्षे असाच उघडत आला होता. ओरडून झाल्यावर त्याला ऐकू आले. त्याचा चेहरा गुलालाखाली उतरला.

"मेव्हणं! ह्ये काय वदवून घेतलंत?"

"मागनं मी घातलं, दाजी. व्हय तुमी बोललाव."

"पैज तुमी हरलाव ना!"

"हरलो. चांद्या तुमच्या गोठ्यात हाय. पैज सरली. ही पैज नव्हं."

मुरारी आधारासाठी इकडेतिकडे पाहू लागला. म्हातारा कुशाबा पुढे झाला. त्याला हैबतीच्या खड्यांतले काही ठाऊक नव्हते आणि सांगून पटलेही नसते; पण देवीपुढचा शब्द त्याला ठाऊक होता. "मुरारी, आईच्या म्होरं सबंध वाडी व्हय बोललीय. उद्या तू दुसरी आनलीस तर खोटं आमी सगळे पडताव. वरंधला निरोप धाड. नायतर म्होरल्या साली पालखी ह्या दारात टेकनार नाय."

रखमाने उंबऱ्यात ताट पुढे केले. तिच्या थोरल्या मुलीने ते सावरून धरले. मग रखमाने पुढे येऊन देवीची ओटी भरली आणि नवऱ्याच्या खांद्याजवळ, देवीला नमस्कार करायला, जरा जास्तच वेळ उभी राहिली.

ज्येष्ठात रखमा बाळंत झाली. मुलगी झाली. मुरारी ओट्यावर तोंड फिरवून बसून राहिला आणि त्याच्या आईने पुन्हा कुशीचे गाऱ्हाणे सुरू केले. पण पाणी भरायला आलेल्या बायकांनीच म्हातारीला शिमग्याची आठवण करून दिली. हैबती त्या पावसात शेजाऱ्याचा बैल जोडीला घेऊन, त्याच्या शेतात त्या बदल्यात राबून, आपले खाचर नांगरत होता. बारशाचे आमंत्रण द्यायला मुरारी स्वतः चिखल तुडवत वर आला, बांधावर उभा राहिला, चांद्याविषयी एक अक्षर बोलला नाही, आणि 'बनुवैनीला घेऊन या' एवढे सांगून उतरला.

बारशाला मुरारी पितळी परातीतून घुगऱ्या वाटत होता. भिंतीला टेकलेल्या कुशाबाने दोन्ही हात पुढे केले आणि सर्वांना ऐकू जाईल असे आशीर्वादाने म्हणाला, "मुरारी, सहा पोरी झाल्या बाबा. आता सातवा पोरगाच, लिहून ठेव!"

हैबतीने तोंड उघडले, पण त्याच्याआधी मुरारीच वाकला. त्याने म्हाताऱ्याच्या ओंजळीत घुगऱ्यांची मूठ टाकली, तिच्यावर आणखी एक मूठ टाकली, आणि म्हणाला, "कुशाबा, आधी ह्या खा बघू."